फक्कीचं कलादालन

शेजूळ सरांच्या कलादालनात चपला काढून जायची सोय नव्हती. आत सराट्याचे काटे फार होते.

छत नव्हतं, भिंती नव्हत्या, चित्रं नव्हती. होत्या फक्त जमिनीवर मारलेल्या चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चुना फासून ठेवलेले दगड. मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनापलीकडं, नाल्याच्या अंगाला तो मोकळा प्लॉट होता. शहराच्या आराखड्यात तो कलादालनासाठी राखून ठेवलेला होता आणि तशी एक गंजकी पाटी तिथं खांबाला लटकत होती. ती पाटी वाचून तिच्यावर विश्वास ठेवणारे सर हे बहुधा साऱ्या शहरातले एकटेच गृहस्थ.

सर आता नाहीत. ते गेले तेव्हा शाळेच्या स्मरणिकेत जे छापून आलं, ते मीच लिहून दिलं होतं. जन्म, शिक्षण, सेवा, निवृत्ती. त्यात चूक काही नाही, पण त्यात सरही नाहीत. म्हणून हे पुन्हा.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायची. वेळापत्रक, परीक्षेची पर्यवेक्षणं, भांडारखोलीच्या किल्ल्या, हे सगळंही माझ्याकडं. सर चित्रकलेचे. चित्रकलेच्या मास्तरला शाळेत जी कामं लावतात ती सगळी त्यांना लागलेली: फळ्यावर सुविचार, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या वाटेवरची रांगोळी आणि क्रीडादिनाला मैदानावर फक्की मारून धावपट्ट्या आखणं. हे शेवटचं काम त्यांच्याइतकं सुंदर कुणाला जमत नसे. सुतळी न ताणता, नुसत्या नजरेनं ते मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ नेत. उरलेली फक्की मी दरवर्षी ‘शिल्लक’ म्हणून लिहायची आणि सर ती मागून न्यायचे.

वाकडं त्यांना बघवत नसे. लग्नात अक्षता पडायच्या आधी उठून त्यांनी मांडवाची झालर सरळ केलेली मी पाहिली आहे. आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहा व्हायच्या आत कॅलेंडर सरळ केलं, मग घड्याळ, आणि जाताजाता फडताळ डावीकडं उतरलंय असं सासूबाईंना सांगून गेले. सासूबाई म्हणाल्या, “या मास्तरला परत आणू नकोस. सकाळपर्यंत घर सरळ होतं माझं.”

मुलांना ते शिकवत असं म्हणणं कठीण आहे. ते मुलांना उभं करत. “उभं ऱ्हा. बग. मंग बोल.” एकदा एका मुलीनं कोंबडी काढली. सरांनी बराच वेळ ती पाहिली आणि विचारलं, “हिच्या पोटात अंडं हाय का?” मुलगी घाबरून हो म्हणाली. “मंग ते चालन्यात दिसू दे की.” तिनं दुसरी कोंबडी काढली आणि तिच्यात खरोखरच अंडं होतं. कुठं होतं ते मला सांगता येणार नाही.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आपल्या शहरात आजच्या कलेचं एक घर. ही इच्छा त्यांच्यात शिरली ती मुंबईला प्रशिक्षणाला गेले तेव्हा. एक सकाळ मोकळी मिळाली म्हणून ते तिथलं आधुनिक कलेचं संग्रहालय बघायला गेले, तर सोमवार, संग्रहालय बंद. गेटवर पहारेकरी होता. सरांनी त्यालाच विचारलं, आत काय काय आहे. तो म्हणाला, आपल्याला काही समजत नाही साहेब, एका खोलीत तर नुसतं पाणी टपकतं.

सर परत आले ते ही खोली डोक्यात घेऊनच. स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. “पानी टपकायला तिथं खोली दिलीय, मॅडम. आन् आपल्याकडं नळाला येत नाय.” मी म्हणाले, मला विचारून गेला असता तर सोमवारी बंद असतं हे मी सांगितलं असतं. त्यावर ते म्हणाले, “मंग आत जे हाय तेवढंच बगून आलो असतो.”

त्या वर्षी क्रीडादिन संपल्यावर सरांनी फक्कीचं पोतं सायकलला बांधलं आणि स्टेशनापलीकडच्या प्लॉटवर कलादालन आखलं. पावसानं रेघा धुतल्या की पुढच्या वर्षी पुन्हा. रेघा मारून झाल्या की महापालिकेच्या कार्यालयाला एक अर्ज: राखीव जागेवर कलादालन बांधावे, ही विनंती. अर्ज टाइप करायचं काम माझं. सरांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, दुसरीला सवत असते, मला फक्की आहे.

रविवारी सकाळी सर लोकांना कलादालन दाखवायला नेत. आमच्या शाळेतले सगळे एकेकदा जाऊन आले आणि पुन्हा गेले नाहीत. मी बऱ्याचदा गेले, कारण सरांना माझे प्रश्न लागायचे. “तुम्ही लई आडवे प्रश्न इचारता,” ते म्हणत. “इमारतीला तेच लागतात.”

पहिल्याच वेळी मी सरळ चालत निघाले तर ते ओरडलेच. तिथं भिंत होती. दार पलीकडं होतं. आम्ही वळसा घेऊन दारातून आत गेलो. मागून एक शेळी भिंतीतून आरपार आली, तेव्हा मी सरांकडं पाहिलं. ते म्हणाले, तिला माफ आहे.

पहिलं दालन हिमरू शालींच्या मागाचं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रेशमाचा नुसता ताणा, कमरेच्या उंचीवर, हजारो धागे. कापड कुठंच नाही. कापड दुकानात मिळतं, सर म्हणाले, इथं विणायच्या आधीचं बघायचं. माणसानं धाग्यांखालून वाकून पलीकडं जायचं आणि वर बघत जायचं, म्हणजे उजेड पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर पडतो. मी विचारलं, गुडघेदुखीवाल्यांनी काय करायचं? सर तिथंच उकिडवे बसले, विचार केला आणि खिशातल्या खडूनं कडेनं एक वेगळी वाट आखली.

दुसऱ्या दालनात ड्रम होते. आपल्या गल्लीत प्रत्येक दारापुढं असतात तसले निळे प्लास्टिकचे ड्रम, झाकणं लावलेले, जमिनीपासून छतापर्यंत. त्यातला एकच भरलेला. बघणाऱ्यानं ठोकून ठोकून तो शोधायचा. सर हवेत टकटक करत पुढं चालले आणि मला ऐकू येतंय का असं बघत राहिले. मी विचारलं, “सापडला तर काय करायचं?”

“काय नाय. दुसऱ्याला सांगायचं नाय, बस. पानी आलं की आपन तेच करतो ना?”

तिसरं दालन लांब आणि अंधारं. वाळूजच्या कंपन्यांतल्या, बजाजनगरात राहणाऱ्या कामगारांनी आपणहून दिलेले झिजलेले बूट भिंतीलगत ओळीनं मांडलेले, सगळ्यांची टोकं ज्याच्या त्याच्या गावाच्या दिशेनं. म्हणजे ओळ सरळ आणि बूट वेडेवाकडे. सरांच्या कलादालनात वाकड्याला परवानगी होती ती एवढ्याच ठिकाणी. पाळी बदलायच्या वेळेला तिथं भोंगा वाजणार होता. मी म्हणाले, जो मधल्या वेळेत येईल त्याला काहीच ऐकू येणार नाही. “त्याला बूट,” सर म्हणाले.

शेवटचं दालन सगळ्यांत मोठं आणि रिकामं. पूर्वेला एक खिडकी. इथं काय, असं विचारल्यावर सर पहिल्यांदा लाजल्यासारखे झाले. “इथं अजून कोनी काय केलं नाय. पोरं करतील. आपल्याच शाळेतली करतील, कोन सांगावं. पन जागा आधी पायजे, मॅडम. जागाच नसंल तर त्यांच्या मनात तरी कसं येनार?” त्या दालनात ते सर्वांत जास्त वेळ थांबत. ऊन तापायला लागायचं, नाल्याचा वास यायचा, पलीकडून मालगाडी जायची. सर खिडकीशी उभे. मी घड्याळ बघायची. मला कधी काही दिसलं नाही, पण एक रिकामी जागा आणि एक ठेवलेली जागा यांच्यात फरक असतो हे मला तिथं कळलं.

त्या पहिल्या रविवारी निघताना मी विचारलं, “स्वच्छतागृह कुठाय?” सर माझ्याकडं बघतच राहिले. पुढच्या रविवारी गेले तर मागच्या बाजूला दोन चौकोन आखलेले होते.

अशी बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात सरांच्या मुलीचं लग्न निघालं. खुलताबादजवळच्या त्यांच्या गावी ते सुट्टीभर राहिले. जाण्याआधी रेघा ताज्या करून, दगडांना चुना फासून गेले होते. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले, पेढे वाटले आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, कलादालनात मानसं ऱ्हायला आली.”

मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी कल्पनेतलं. पण संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेले तर खरोखरच प्लॉटभर पत्र्याच्या खोल्या उभ्या होत्या. आमच्या शहराला गुंठेवारी नवी नाही. कुणाचीही जमीन कुणीतरी तुकड्यातुकड्यांनी नुसत्या स्टँपपेपरच्या बाँडवर विकतो आणि घेणारा हातात कागद आला म्हणजे जमीन आली असं समजतो. इथं एका प्लॉटिंगवाल्याला पाडायचे तुकडे आयतेच पाडून मिळाले होते. त्यानं एकेक दालन मधोमध चिरून विकून टाकलं होतं.

ड्रमच्या दालनात कडूबाईचं घर होतं. कडूबाई आणि तिचा नवरा बांधकामावर मजुरी करायचे, परभणीकडून आलेले. दारात खरोखरीचा एक निळा ड्रम होता. सरांनी बोटानं तो ठोकून पाहिला. रिकामा होता. ती बाहेर आली आणि मोजणीवाले साहेब आले असं समजून तिनं पदर सावरला. सरांनी तिला विचारलं, ही जागा कुणाची आहे हे बघून घेतली का?

“बगितली की. म्या काय येडी हाय व्हय? पाच ठिकानी फिरले. समद्या प्लॉटिंगवाल्यांच्या रेघा वाकड्या. इथंच तेवढी सरळ. दगडाला चुना, ये-जा करायला मोकळी वाट, मागं संडासाची जागा सुदिक. म्हनलं ही सरकारचीच रेघ. गरिबासाठी एवढी सरळ रेघ दुसरं कोन मारतंय?”

खरोखरच सगळ्यांनी त्यांच्या रेघा पाळल्या होत्या. दालनांमधली ऐसपैस वाट गल्ली म्हणून तशीच ठेवली होती, प्रवेशाच्या चौकात बाया धान्य निवडत बसल्या होत्या, दार जिथं आखलं होतं तिथंच दार होतं. स्वच्छतागृहाचे दोन चौकोनही सोडलेले होते. शहराच्या त्या भागात इतकी नीट आखलेली दुसरी वस्ती नव्हती. कडूबाईनं विचारलं, माझी भिंत रेघेवर आहे ना साहेब? सरांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि सांगितलं, अंगठाभर बाहेर गेलीय. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं पत्रा आत घेतला.

त्या वर्षी सर दर रविवारी तिथं जात. खोली बांधणारा कुणीही त्यांना बोलवायचा. सरांच्या तोंडून रागाचा शब्द मी ऐकला नाही. एकदा मी विचारलं, कलादालनाचं काय? तर म्हणाले, “गर्दी हाय आता, मॅडम. एवढी मानसं माझ्याच्यानं कधी जमली नव्हती.” शेवटचं मोठं दालनही भरून गेलं होतं. एका घराच्या मागच्या भिंतीला, जिथं पूर्वेची खिडकी होती तिथं, पत्रा कापून खिडकी केलेली होती. सरांनी ती मला दोनदा नेऊन दाखवली.

त्या वर्षी त्यांनी अर्ज केला नाही. त्याची गरजही नव्हती. आधीचे पोचले होते.

वस्तीला नोटीस आली ती दिवाळीनंतर. कलादालनाच्या राखीव जागेवरचं अतिक्रमण काढून घ्यावं. लोक नोटीस घेऊन आपल्या मोजणीवाल्या साहेबांच्या, म्हणजे सरांच्या, घरी आले. तेव्हा सरांनी त्यांना सगळं सांगितलं. सरकारनं नव्हे, मी आखलं. घरांसाठी नव्हे, चित्रांसाठी. मी तिथं होते. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कडूबाई म्हणाली, “तुमची रेघ हाय व्हय? मंग झालं की. तुम्हीच सांगा त्यान्ला. तुमचं ऐकतील.”

सरांनी माझ्याकडून एक कागद टाइप करून घेतला. त्यात मजकूर एकाच ओळीचा होता: मला कलादालन नको. मी म्हणाले, सर, असा अर्ज नसतो, कारणं द्यावी लागतात. ते म्हणाले, “कारन त्यांना दिसतंच हाय. तुम्ही लिवा.” मी लिहिलं. ज्या माणसानं जन्मभर एकच गोष्ट मागितली, तो ती परत करायला निघाला होता.

सुनावणीला महापालिकेचे साहेब सभ्य होते. बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. टेबलावर सरांचे वर्षावर्षांचे अर्ज दोऱ्यानं बांधून ठेवलेले होते. “तुमच्यासारख्या चिकाटीच्या माणसांमुळंच हा विषय मार्गी लागला, सर,” ते म्हणाले. सरांनी नवा कागद पुढं केला. साहेबांनी तो वाचला आणि अगदी समजुतीच्या आवाजात सांगितलं, “हे आरक्षण तुमच्या नावाचं नाही, शहराच्या नावाचं आहे. तुम्ही मागितलं म्हणून ते दिलेलं नव्हतं, आणि तुम्ही नको म्हणालात म्हणून ते जाणार नाही.”

सर म्हणाले, “शहराला ते कधी पायजे होतं, साहेब?”

साहेब हसले. कागद त्यांनी फाइलला लावून घेतला.

जेसीबी सकाळीच आला. पत्र्याच्या घरांना वेळ लागत नाही. बाया भांडी आधीच बाहेर काढून बसल्या होत्या, पुरुष पत्रे वाकू नयेत म्हणून आपणच सोडवून देत होते. सर रस्त्याच्या कडेला उभे होते. मी रजा टाकून गेले होते. काम आटोपत आलं तेव्हा सुनावणीचे तेच साहेब गाडीतून उतरले, सरांना पाहून लगबगीनं आले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “अभिनंदन, सर. जागा मोकळी झाली.” सरांनी हात काढून घेतला नाही, की दाबला नाही. तो नुसता त्यांच्या हातात राहिला. समोर कडूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. तिनं ते पाहिलं.

प्लॉटला पत्र्याचं कुंपण झालं, नवी पाटी लागली. नियोजित कलादालन. आत आजही काही नाही, सराटे आहेत. कुणी विचारतं, तुमच्या सरांनी एवढं केलं त्यातून काय निघालं, तेव्हा मी हिशेब करून पाहते. तो उलटच येतो. त्यांनी काहीच केलं नसतं, तर ती माणसं दुसरीकडं कुठंतरी वाकड्यातिकड्या रेघांवर, पण अजून राहत असती.

पुढच्या क्रीडादिनाला सरांनी पाठ दुखते म्हणून सांगितलं. पट्ट्या खेळाच्या मास्तरांनी आखल्या, सर वर्गात बसून राहिले. लोकांच्या घरी गेले की कॅलेंडरकडं बघत नसत. मुलांना काही काढा म्हणत आणि मुलं जे काढतील ते चांगलं म्हणत. निवृत्तीच्या निरोप समारंभात फोटोची चौकट दिली, ती त्यांनी वर्तमानपत्रातून सोडवलीसुद्धा नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बजाजनगरच्याही पुढं, एका उघड्या माळावर. वस्तीतली काही कुटुंबं विखरून शेवटी तिथं जमली होती. जागा कुणाची, हे कुणी नीट सांगू शकत नव्हतं. आम्ही शाळेतल्या बायकांनी ताडपत्र्या आणि भांडी गोळा केली होती, ती पोचवायला मी निघाले. सरांना कुठून कळलं कोण जाणे, माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. स्कूटीवर मागं बसून आले.

कडूबाईनं त्यांना पाहिलं. मला वाटलं, ही आता तोंड फिरवील. ती आत जाऊन पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “बरं झालं आलात, सर. खोल्या आखायच्यात. फक्की आनलीय. मारा रेघ.”

सर पाणी पिऊन झाल्यावरही तांब्या धरूनच राहिले. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. तिनं तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच घमेलं उचलून वाकली. मुठीतून फक्की सोडत मागं मागं सरकू लागली. माळावर वारा होता. रेघ नाल्यासारखी वळत गेली, एका दगडाशी तुटली, पलीकडून पुन्हा सुरू झाली. ताडपत्र्या मोजता मोजता मी सरांकडं पाहत होते. ते ज्या दगडावर बसले होते तिथून त्यांनी पाठ फिरवून घेतली आणि रस्त्याकडं तोंड केलं.

टोकाला पोचून कडूबाई ताठ उभी राहिली आणि तिथूनच हाक मारून म्हणाली, “सरळ आलीय का, सर?”

“आलीय,” सर रस्त्याकडं बघत म्हणाले. “बांधा.”